मुलाखत देणाऱ्याला पैसे द्यावेत का? (डॉक्युमेंटरीवाल्यांनो, जरा इकडे या)

रशेसचा_ढीग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितेय. मी आणि दोन मित्र मिळून एक डॉक्युमेंटरी करतोय, एका कारखान्यात खूप वर्षांपूर्वी बॉयलर फुटला होता त्यावर. त्यातून वाचलेले एक आजोबा आहेत, तेच फिल्मचा कणा म्हणा ना. सलग तीन दिवस शूट केलं त्यांच्याबरोबर. माणूस काय बोलतो! आवाज आधी आला की उजेड आधी दिसला, शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा एकच बूट कसा सापडला, तो कुणी उचलला, सगळं.

तिसऱ्या दिवशी कार्ड बदलायला थांबलो होतो. लेपल (कॉलरला लावतात तो छोटा माइक) त्यांच्या शर्टाला तसाच, आणि साउंडवाल्याने रेकॉर्डर बंद केला नव्हता, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्याकडे शब्दन् शब्द आहे. आजोबांनी विचारलं, कॅमेरावाल्याला याचे पैसे मिळतात का. म्हटलं हो. आवाजवाल्याला? हो. गाडीवाल्याला? हो. मग कोपऱ्यात भाड्याच्या लाइटबरोबर जो अटेंडंट येतो ना, तो पोरगा मोबाइल बघत बसला होता, त्याच्याकडे मान वळवून, "त्यालाही?" हो. "बरं," म्हणाले, आणि खुर्ची जागेवर सरकवून परत बसले. मागितलं काहीच नाही.

ते "बरं" मी एडिटला बसून सात-आठ वेळा ऐकलंय.

निर्माता म्हणतो आपली पॉलिसी आहे, मुलाखतीचे पैसे कुणालाच देत नाही, दिले की ती साक्ष राहत नाही खरेदी होते. ज्या चॅनेलशी बोलणं चालू आहे त्यांचंही तेच. मला हे पटतं पण आणि नाही पण. तुम्ही काय करता?

उगाचच

मानधन द्या. मराठीत इतकी सुंदर सोय असताना एवढा विचार कसला. ज्यात धन कमी पडतं त्याला पुढे मान जोडतात.

जुना_बातमीदार

तुझा निर्माता बरोबर आहे. आयुष्य बातमीदारीत गेलं म्हणून सांगतो, चिडू नकोस.

पैसे देऊन घेतलेल्या मुलाखतीला आमच्याकडे चेकबुक पत्रकारिता म्हणतात आणि ती शिवी आहे. १९७७ साली ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टने अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनला वॉटरगेट प्रकरणावरच्या मुलाखतीसाठी सहा लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा दिला. मुलाखत गाजली, निक्सन त्यात अडकला पण, तरी राजीनामा देऊन गेलेल्या माणसाला त्याच प्रकरणावर बोलायचे पैसे मिळाले हे कुणी विसरलं नाही. अमेरिकन पत्रकारांच्या संघटनेची जी आचारसंहिता आहे तिच्यात स्पष्ट आहे, बातमीपर्यंत पोचण्यासाठी पैसे मोजू नका.

कारण साधं आहे. विकत घेणाऱ्याला माल चांगला हवा असतो आणि विकणाऱ्याला ते कळतं. आज एक बूट सापडला, पैसे मिळतायत म्हटल्यावर उद्या दोन सापडतील. मुद्दाम खोटं बोलतील असं म्हणत नाही हां, माणूस भला असला तरी समोरच्याला काय आवडलं ते त्याच्या लक्षात येतं. आणि समजा तुझी फिल्म उद्या नुकसानभरपाईच्या केसमध्ये कोर्टात गेली. समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल? "आपल्याला या मुलाखतीचे किती मिळाले?" संपलं. आजोबांची सगळी साक्ष त्या एका आकड्याखाली गेली.

कात्री

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण एक गोष्ट सांगतो, मी एडिटर आहे, माणसं टेकच्या आधी आणि नंतर काय बोलतात ते जगात फक्त आम्हालाच ऐकू येतं.

एका प्रोजेक्टचे रशेस (शूटचं कच्चं फुटेज) आले होते, एका दुर्घटनेत मुलगा गमावलेल्या बाई. क्लॅपच्या आधी त्या अगदी शांतपणे विचारतात, "रडायचं ते फोटो दाखवताना की त्याच्या आधी?" मी पॉज केलं आणि उठून बाहेर जाऊन आलो. मला वाटलं यांना कुणीतरी पैसे दिलेत. चौकशी केली तर एक छदामही नाही. झालं काय होतं की आमच्या आधी चार-पाच चॅनेलवाले येऊन गेले होते आणि प्रत्येकाने फोटो हातात दिला होता, प्रत्येकाने थांबून वाट बघितली होती. बाईंना शूटिंगचा क्रम पाठ झाला होता.

तेव्हा पैशाने माणूस नट होतो वगैरे ठीक आहे, पण फुकटातही होतो. आपणच करतो त्याला. पैसे न देता केलं तर तो आपला दोष दिसत नाही एवढंच.

तळटीप

कात्री, हे वाचून कसंतरी झालं.

माझं क्षेत्र वेगळं, संशोधनासाठी मुलाखती घेते. आमच्याकडे हा वाद फार जुना आणि बऱ्यापैकी निवळलेला आहे. १९७९ चा बेलमाँट अहवाल आहे अमेरिकेतला, माणसांवर संशोधन करताना काय पाळायचं याचा. त्यात पैसे देऊच नका असं नाहीये. इतके किंवा अशा पद्धतीने देऊ नका की माणूस धोका दिसत असूनही हो म्हणेल, असं आहे. थोडक्यात वेळ, प्रवास, बुडालेली रोजी याचे द्या, आणि हे महत्त्वाचं, माणूस मध्येच उठून गेला तरी द्या. पुरं बोललात तर मिळतील अशी अट घातली की ते आमिष.

हाच नियम फिल्मला लावून बघ. आजोबांना पैसे त्यांनी काय सांगितलं याचे नाहीत, तीन दिवस खुर्चीत बसले याचे. उद्या म्हणाले मला त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही, तरी तेवढेच. मग दोन बूट सांगून त्यांना फायदा काय?

जुना_बातमीदार

कागदावर छान वाटतं. पण ज्याला पैशाची फार गरज आहे त्याला "वेळेचे पैसे" आणि "गोष्टीचे पैसे" यात फरक कळतो का? त्याला एवढंच कळतं की कॅमेरा आला की पैसे येतात. आणि तू देणार, मग मागून येणारा विद्यार्थी, ज्याच्याकडे स्वतःच्या भाड्याचे पैसे नाहीत, त्याला दारात उभं करणार नाहीत. तुम्ही दर वाढवून निघून जाता हो, मागे राहणाऱ्यांचं काय.

मधली_बहीण

मी इथे सहसा लिहीत नाही. पण "त्याला फरक कळतो का" हे वाचून राहवलं नाही. कळतो. मी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची आहे म्हणून सांगते.

माझ्या आईवर फिल्म झाली होती. काय विषय ते लिहीत नाही, ओळखू येईल. फिल्म करणारे लोक चांगले होते, हे आधीच सांगते. सहा-सात महिने येत होते, आईला आई म्हणायचे. पहिल्या दिवशी आले तेव्हा लाइट लावता लावता एकाने एक कागद पुढे केला, फॉर्मॅलिटी आहे म्हणाला. आईने चष्मा शोधला, सापडला नाही, लाइटवाला थांबलेला, सगळे थांबलेले, तिने सही केली. नंतर मी वाचला तो कागद. जगभरात, कायमस्वरूपी, आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत. पुढे शोध लागणाऱ्या!

पैसे मिळाले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. फिल्म फिरली, बक्षिसं मिळाली, फोटो आले. आता गंमत ऐका. आजूबाजूच्या प्रत्येकाला खात्री होती की आम्हाला घबाड मिळालंय. नातेवाईक उसने मागायला लागले. नाही म्हटलं तर "पिक्चर निघाला, आता कशाला ओळख द्याल." आईने दोन वर्षं लोकांना समजावलं, मग सोडून दिलं. म्हणजे पैसे घेतल्याची बदनामी पूर्ण मिळाली, पैसे तेवढे राहिले.

आणि खरं सांगू का, त्याचंही काही नाही. तिला लागलं ते वेगळंच. फिल्ममध्ये एक वाक्य आहे, माझ्या मामाबद्दलचं, ती रागात बोलून गेली होती आणि लगेच म्हणाली होती की जाऊ दे. ते "जाऊ दे" कापलं. आम्ही ते पहिल्यांदा ऐकलं भरलेल्या हॉलमध्ये, दोनशे माणसांबरोबर, मामा शेजारच्या खुर्चीत.

कात्री

काय बोलू. असं "जाऊ दे" मीही कापलेलं असणार कुठेतरी. वाक्य टोकदार होतं त्याने. आम्ही त्याला टाइट करणं म्हणतो.

उगाचच

माझा विनोद मागे घेतो.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याच्या अंगाने थोडं, कारण इथे "गोष्टीचे हक्क" हा शब्द येणारच आहे म्हणून आधीच.

आयुष्यात जे घडलं त्यावर कुणाचाच कॉपीराइट नसतो. तुमच्या आयुष्यातल्या घटना म्हणजे तथ्यं, आणि तथ्यांची मालकी नसते. मग फिल्मवाले "लाइफ राइट्स" विकत घेतात म्हणजे काय घेतात? मुख्यतः तीन वचनं. आमच्यावर बदनामीचा किंवा खासगीपणाचा दावा लावणार नाही, दुसऱ्या फिल्मवाल्याला हीच गोष्ट सांगणार नाही, आणि आम्हाला फोटो-पत्रं-ओळखीपाळखी देऊन मदत करणार. मालमत्ता विकल्यासारखं दिसतं पण प्रत्यक्षात तोंड बंद ठेवायचा आणि दार उघडं ठेवायचा करार असतो तो. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९९४ ला राजगोपाल केसमध्ये सांगितलंय की सार्वजनिक दस्तऐवजात आहे तेवढं कुणाचंही आयुष्य परवानगीशिवाय छापता येतं, त्यापलीकडे गेलात तर खासगीपणाचा भंग.

यावर दोन गाजलेले खटले आहेत, दोन्ही डॉक्युमेंटरीचेच. फ्रान्समध्ये एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर 'एत्र ए आव्वार' नावाची फिल्म २००२ ला आली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना धो धो चालली, फ्रान्समध्ये अठरा लाखांच्या आसपास तिकिटं गेली. मग त्यातल्या गुरुजींनी अडीच लाख युरोंचा दावा लावला. म्हणणं असं की वर्गात मी जे शिकवतो ती माझी निर्मिती, म्हणजे मी सहलेखक. २००४ ला हरले, अपिलातही हरले. कोर्टाचा सूर असा की गुरुजी रोजचं काम करत होते, फिल्म दिग्दर्शकाने केली.

दुसरा जास्त विचित्र. दिग्दर्शक एरल मॉरिसची 'द थिन ब्लू लाइन', १९८८. रँडल डेल अ‍ॅडम्स नावाचा माणूस न केलेल्या खुनासाठी टेक्ससमध्ये तुरुंगात होता, आधी तर फाशीच झाली होती, नंतर ती जन्मठेपेवर आली. फिल्ममुळे केस परत उघडली आणि १९८९ ला बारा वर्षांनी तो बाहेर आला. बाहेर येऊन त्याने काय केलं? मॉरिसवरच दावा लावला. ज्याने सोडवलं त्याच्यावर! लोकांनी कृतघ्न म्हटलं. पण त्याचं म्हणणं होतं की मला फिल्मच्या कमाईतला वाटा नकोच आहे, तुरुंगात असताना मी सही केली आणि माझ्या आयुष्यावरचा हक्क दुसऱ्याकडे गेला, तो मला परत हवाय. कोर्टाबाहेर मिटलं आणि पुढच्या वापराचे हक्क त्याला मिळाले.

मधली_बहीण

हेच म्हणत होते मी. बारा वर्षं तुरुंग काढलेला माणूस बाहेर येतो तर त्याची गोष्ट पण दुसऱ्याकडे गहाण.

तळटीप

आणि त्याच मॉरिसने पुढे इराकमधल्या अबू घरैब तुरुंगावरच्या फिल्ममध्ये (२००८) काही जणांना मुलाखतीचे पैसे दिले, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. म्हणजे नाही दिले तरी आणि दिले तरी.

जुना_बातमीदार

माझाच मुद्दा. त्या फिल्मबद्दल चर्चा कैद्यांच्या छळाची व्हायला हवी होती, पैशाचीही होत बसली.

मधली_बहीण, तुमचं वाचलं. माझं ते वाक्य चुकलं, मागे घेतो. पण बघा, तुमच्या आईला पैसे दिले असते तर ते "जाऊ दे" वाचलं असतं का? उलट "तुम्हाला पैसे दिलेत" म्हणून तोंड जास्त बंद केलं असतं.

मधली_बहीण

नसतं वाचलं. तेवढं खरं आहे काका.

फोकस_पुलर

मी जरा कडवट बोलणार आहे. हे पैसे देत नाही देत नाही सगळं गरिबांसाठी असतं. मोठ्या खेळाडूवर, गायकावर डॉक्युमेंटरी होते तेव्हा काय होतं बघा ना. २०२० ची मायकेल जॉर्डनवरची दहा भागांची सिरीज घ्या, त्याची स्वतःची कंपनी निर्मितीत भागीदार. केन बर्न्ससारखा मोठा डॉक्युमेंटरीवाला उघड बोलला की ही चांगली पत्रकारिता नव्हे. झालं काय, काही नाही, सगळ्यांनी बघितली. बेकहॅमवरची सिरीज तर त्याच्याच स्टुडिओची. म्हणजे मोठ्या माणसाला "मुलाखतीचे पैसे" देत नाहीत, त्याला निर्माताच करतात, वर फायनल कटवर त्याची नजर. आणि आजोबांनी अटेंडंटएवढे मागितले असते तर साक्ष भ्रष्ट.

तीच गत तज्ज्ञांची. प्राध्यापक येतो, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, वीस मिनिटं बोलतो आणि सल्लागार म्हणून बिल पाठवतो. प्रत्येक बजेटमध्ये ती ओळ असते, मी बघितलीय. त्याचं मत विकत घेतलं असं कुणी म्हणत नाही.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात टीव्हीवाल्यांचा हात कुणी धरू शकत नाही. मुलाखत फुकट, पण तुमच्या अल्बममधले फोटो आम्ही "लायसन्स" करतो. अमेरिकेत एबीसी न्यूजने २००८ मध्ये एका खटल्यातल्या आरोपी बाईला फोटो-व्हिडिओचे दोन लाख डॉलर दिले होते, ते पुढे कोर्टात बाहेर आलं, आणि २०११ ला त्यांनी ही पद्धत बंद करतो म्हणून जाहीर केलं.

जुना_बातमीदार

फोटोंच्या आडून देणं हे तर सरळ देण्यापेक्षा वाईट, त्यावर वाद नाही.

नवखा_१७

मी शिकतोय अजून, एक शंका. गुन्हेगाराची मुलाखत असेल तर? त्यालाही वेळेचे पैसे?

कलम_आणि_पोटकलम

तिथे बहुतेक देश दचकतात. न्यूयॉर्कने १९७७ मध्ये 'सन ऑफ सॅम' कायदा केला, गुन्हेगाराला स्वतःच्या गुन्ह्याची गोष्ट विकून पैसे मिळाले तर ते पीडितांसाठी राखून ठेवायचे असा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, फार पसरट आहे म्हणून, मग त्यांनी नवीन बेताचा आणला. ब्रिटनमध्ये ऑफकॉमचा (टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणारी संस्था) नियम आहे की दोषी ठरलेल्याला त्याच्या गुन्ह्याबद्दल बोलायचे पैसे द्यायचे नाहीत, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. तू अशा कुणाला घेत असशील तर आधी वकील गाठ, धाग्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरसुद्धा.

कात्री

चांगलं उदाहरण पण आहे हो एक, सगळा काळोखच कशाला. 'हूप ड्रीम्स', १९९४. शिकागोतली दोन बास्केटबॉल खेळणारी पोरं, पाच वर्षं शूट, अडीचशे तास फुटेज. एडिटर म्हणून तो आकडा ऐकूनच घाम फुटतो. त्यातल्या एका मुलाच्या घरची वीज तोडली होती, फिल्ममध्ये तो अंधार दिसतो. वीज परत यायला मदत केली फिल्मवाल्यांनीच. माणसं अंधारात बसलीत आणि आपण फक्त शूट करतोय हे त्यांना जमलं नाही. पुढे फिल्मने कमावलं तेव्हा दोन्ही कुटुंबांना त्यात वाटा दिला.

मला यात आवडतं ते हे की वाटा नंतर आला, फिल्म पूर्ण झाल्यावर. कॅमेऱ्यासमोर असताना अमुक बोललं की तमुक मिळेल असं काही नव्हतंच. त्यामुळे काकांचे दोन बूट पण अडचणीत येत नाहीत.

फोकस_पुलर

नफ्यात वाटा ऐकायला भारी. शंभरातल्या किती डॉक्युमेंटरी नफा बघतात? मी ज्यांच्यावर काम केलं त्यातली एकही नाही. कशाचा वाटा देणार, कर्जाचा? नफ्याचं वचन देऊन आज काहीच न देणं ही पण एक युक्तीच आहे. मलाही देतात ते वचन.

उगाचच

२०२३ चं ऑस्करवालं हत्तीचं प्रकरण कुणीच काढलं नाही अजून? 'एलिफंट व्हिस्परर्स'? त्यातल्या माहूत जोडप्याने नोटीस पाठवली होती ना.

तळटीप

पाठवली होती, ऑगस्टमध्ये, आणि निर्मात्यांनी आरोप फेटाळले होते. त्या दोघांत नक्की काय ठरलं होतं हे आपल्याला बाहेरून कळणं शक्य नाही, त्यामुळे इथे निवाडा नको. मला त्यातून एवढंच दिसतं की काय ठरलंय ते शूटिंगच्या आधी दोघांना समजेल अशा भाषेत लिहिलेलं असावं. ऑस्कर मिळाल्यावर कुठल्याच तोंडी बोलण्याची आठवण दोन्हीकडे सारखी राहत नाही.

अवांतर: मराठीत "सब्जेक्ट"ला, म्हणजे ज्याच्यावर फिल्म असते त्या माणसाला, काय म्हणावं? विषय म्हटलं की माणूस उरत नाही, पात्र म्हटलं की खोटा वाटतो. इंग्रजीत हल्ली पार्टिसिपंट म्हणायला लागलेत. गाजलेल्या डॉक्युमेंटरींतल्या लोकांचं पुढे काय झालं यावरच २०२२ मध्ये एक फिल्म आली, तिचं नावच 'सब्जेक्ट', आणि तिच्यात आलेल्या लोकांना सहनिर्माते म्हणून श्रेय दिलंय.

मधली_बहीण

आई "ते माझ्यावर आले होते" असं म्हणते. पिक्चरवाले माझ्यावर आले होते. कीर्तनात पण आख्यान कुणावर तरी लावतात ना, तसं.

जुना_बातमीदार

एक जुनी गोष्ट सांगतो, फोटोची आहे पण तीच आहे. १९३६ साली डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्यांच्या छावणीजवळ एका बाईचा पोरांसकट फोटो काढला. 'मायग्रंट मदर'. अमेरिकेतल्या मंदीचा तोच चेहरा झाला. लँग सरकारी नोकरीत होती, फोटो सरकारचा, त्यामुळे छापण्याचे पैसे लँगला पण नाहीत. त्या बाईचं नाव जगाला कळलं १९७८ ला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिचं म्हणणं, या फोटोतून मला एक पैसा मिळाला नाही आणि तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. लँगने तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी लोकांना आवाहन केलं आणि लोकांनी भराभर पैसे पाठवले.

मी तरुण पोरांना हे उदाहरण नेहमी देतो, फोटोची ताकद म्हणून. आज इथलं सगळं वाचताना पहिल्यांदा वाटलं की मी ते नेहमी लँगच्या बाजूने सांगत आलो.

अजूनही मत तेच आहे, बातमीसाठी पैसे नकोत. चालू प्रकरण असेल, आरोप असतील, कोर्ट असेल तर अजिबात नकोत. पण तीन दिवस, सहा महिने, पाच वर्षं कुणाच्या घरात ठाण मांडायचं याला मुलाखत म्हणत नाहीत. तो दुसरा व्यवहार आहे आणि त्याला बातमीचा नियम लावून आपण फुकटात सुटतो, हे मान्य करावं लागेल. रशेसचा_ढीग, दिलेस तर फिल्ममध्ये लिही की दिलेत. आकड्यासकट. लपवलेलं बाहेर येतं तेव्हा दसपट दिसतं.

रशेसचा_ढीग

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होते कारण आजोबांकडे गेले होते, आता काय झालं ते सांगते.

निर्मात्याशी आधी कडाक्याचं भांडण, मग तह. मुलाखतीचे पैसे नाहीत, पण बजेटमध्ये "सहभागींच्या वेळेचा मोबदला" अशी नवीन ओळ, तज्ज्ञांच्या ओळीच्या बरोब्बर खाली (फोकस_पुलर, ही तुमची कृपा). दर दिवसावर, बोलले तरी आणि नाही बोलले तरी. शेवटच्या श्रेयनामावलीत तसं लिहिणार. चॅनेलने दोन दिवस काथ्याकूट केला आणि लिहिणार असाल तर चालेल म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक.

आजोबांसमोर कागद ठेवला. या वेळी लाइट नाही, कॅमेरा नाही, मी आणि त्यांची सून. मोठ्याने वाचून दाखवला, "पुढे शोध लागणारी माध्यमं" वाचताना मलाच हसू आलं, ते वाक्य काढून आणलं असतं तर बरं झालं असतं. पैशाच्या ओळीवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, हा त्या लाइटवाल्या पोराचा दर आहे का. म्हटलं त्याच्यापेक्षा थोडा जास्त आहे. "जास्त नको, तेवढाच कर," म्हणाले. का ते सांगितलं नाही. मी आकडा खोडून तेवढाच केला, दोघांनी बाजूला सही केली. पाच मिनिटांत पैशाचा विषय संपला, ज्यावर मी आठवडाभर झोपले नव्हते.

आणि मग म्हणाले, आता माझं एक काम कर. बूट उचलणारा जो माणूस मी सांगितला ना, तो काढ. तो माझा भाऊ होता. त्याने तो बूट कुणाला दाखवला नाही, घरी नेला, आणि हे त्याच्या मुलांना माहीत नाही.

मंडळी, तो सीन म्हणजे फिल्मचा सगळ्यात ताकदीचा भाग आहे. ट्रेलर तिथे संपतो. पिक्चर लॉक शुक्रवारी आहे, त्यानंतर कट बदलत नाहीत.

कात्री

भाऊ म्हणून नाव घेतलंय का ऑडिओत, की नुसतं "एकाने उचलला" आहे?

रशेसचा_ढीग

नाव नाही. "आमच्यातल्याच एकाने" म्हणतात. पण म्हणताना मान खाली घालतात, आणि गावातलं कुणीही बघेल तर ओळखेल.

मधली_बहीण

शुक्रवारच्या आधी त्यांना तो भाग दाखव. हॉलमध्ये नाही, घरी. आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसणार ते त्यांना ठरवू दे.

जुना_बातमीदार

काढू नकोस असं सांगायला आलो होतो. टाइप करून पुसलं.

रशेसचा_ढीग

उद्या लॅपटॉप घेऊन जातेय. हेडफोन दोन घेतलेत.